वाळू तापेपर्यंत

तापत चाललेली वाळू. कुवेतच्या कमाईचं नवं इंजिन. नसीमाच्या अब्बांचं ठिगळं लावलेलं शीड. घरामागे रचलेली पावसाळ्याची लाकडं.

"उद्या हे शीड फाडून लाकडांवर घालतो," असं अली पहाटे होडीची तयारी करताना बायकोला, नसीमाला म्हणाला होता. आता भर दर्यात इंजिन बंद पडलं आणि बघतो तर टाकी ठणठणीत कोरडी. वाऱ्याचा पत्ता नाही, भाट्याचा किनारा लांब. अलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"टाकी गळली वाटतं गे नसीमा! आता काय करायचं?"

"वाळू तापेपर्यंत थांबायचं," नसीमा शीड उभारत म्हणाली. "वाळू तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. ती जागा भरायला दर्यावरची गार हवा किनाऱ्याकडे धावते. आपण फक्त मधे शीड धरायचं."

"आणि नाही आला वारा तर?"

"तर फाडा शीड."

थोड्या वेळाने अलीच्या पाठीला गार झुळूक लागली. शीड फुगलं, होडी घराकडे निघाली. अलीने शिडाच्या ठिगळांवरून हात फिरवला.

"लाकडांवर ताडपत्री घालू," शेवटी तो म्हणाला.

निघण्याआधी नसीमानेच टाकीतलं तेल काढून फक्त जाण्यापुरतं ठेवलं होतं.