आतलं घड्याळ

हॉस्पिटलच्या नोंदींचा कॉम्प्युटर दोन तास पुढे पळतोय, असा निरोप आला म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई हातातलं काम टाकून आली. तिने वेळ ताडून पाहिली, तर सेकंदाचाही फरक नव्हता.

“साहेब, घड्याळ बरोबर आहे.”

“माहितीये. दोन तास मागे घ्या,” वॉर्डप्रमुख चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. “डॉक्टर येऊन गेल्याची नोंद राहिलीये, आणि वेळ मशीन स्वतःच टाकतं.”

“पेशंट कसा आहे?”

“गेला. म्हणून तर नोंद वेळेवरची हवी.”

तिला शिसारी आली. पण लिनक्सच्या मशीनला घड्याळं दोन असतात: एक पडद्यावर दिसणारं, दुसरं मशीन बंद असतानाही आतल्या सेलवर चालणारं. वरचं तेवढं बदलायचं, आतल्याला हात लावायचा नाही, असं तिने मनाशी ठरवलं. मशीन एकदा बंद-चालू झालं की वरचं घड्याळ आतल्यावरून वेळ घेईल आणि यांचं पितळ आपोआप उघडं पडेल.

वॉर्डप्रमुखांनी चहात पडलेलं बिस्कीट चमच्याने काढून खाल्लं.

“आतलंही बदला बरं का,” ते म्हणाले. “मागच्या दोन पेशंटांच्या वेळी नुसतं वरचंच बदललं होतं. बंद करून चालू केलं, तर मेलं पुन्हा खरं बोलायला लागलं.”