साहेबांचं मराठी

सुमतीबाई आत शिरल्या तसे कलेक्टर साहेब उठले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा मावशी. गुडघा काय म्हणतोय?"

तमिळ मुलखातून आलेल्या या पोरसवदा अधिकाऱ्याला सुमतीबाईंनीच मराठी शिकवलं होतं, स्वतःच्या ओसरीवर, पिठलं-भाकरी वाढता वाढता. आज त्या वाडीतल्या बायकांना घेऊन आल्या होत्या. वाडीची शाळा बंद करायचा हुकूम निघाला होता. घाट उतरून पलीकडच्या गावी मुलींना कोण पाठवणार? त्या घरीच बसणार. बायकांनी हे सगळं एकमेकींचं बोलणं तोडत सांगितलं. साहेबांनी मान डोलावत ऐकलं, प्रत्येकीच्या हातात चहा दिला आणि हात जोडून म्हणाले, "बघतो मी, मावशी. काळजी करू नका."

बाईंचा कप ओठांपाशीच थांबला.

'आमच्याकडे दारी आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत,' त्यांनीच तर शिकवलं होतं. 'खुर्ची द्यायची, तब्येत विचारायची, चहा पाजायचा आणि म्हणायचं, बघतो मी.' पठ्ठ्यानं काहीच चुकवलं नव्हतं. पण ते परक्यांसाठी होतं. आपल्या माणसाला तरी त्यानं सरळ 'नाही' म्हणायला हवं होतं.

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कपाकडे बघत होते.

बाहेर येताच बायकांचा आनंद पोटात मावेना. "काय गोड बोलतात साहेब! शाळेला आता काय होत नाही बघा. बाई, तुमीच शिकवलं ना त्यांना?"

"होय," सुमतीबाई म्हणाल्या, "मीच शिकवलं."