खतिजाचा पहारा

ससाणा आला तेव्हा खतिजाच्या गोफणीत दगड होता, पण तो सुटायला क्षणभर उशीर झाला. आभाळात फट्‌ असा आवाज झाला. कबुतरांतली पांढरी मादी हवेतच उलटली. तिची पिसं मिरकरवाड्याच्या कौलांवर भुरभुरत उतरली आणि पाठोपाठ रक्ताचे थेंब खतिजाच्या पदरावर पडले.

उरलेली कबुतरं जीव मुठीत धरून खुराड्यात घुसली. तिनं फळी सरकवली आणि मोजली. एकोणीस.

तिचा नवरा मुसा तीन वर्षांपूर्वी परदेशी बोटीवर खलाशी म्हणून गेला तेव्हा बावीस होती. त्यानं बसऱ्याहून आणलेल्या एका जोडीची ती पैदास. जुनी मेली, नवी निपजली, पण खतिजानं आकडा कधी खाली जाऊ दिला नव्हता. या थंडीत मात्र दर्याच्या बाजूनं हा ससाणा आला, आणि तीन गेली.

निघताना मुसानं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. "अजराला सांभाळ. कबुतरांना सांभाळ."

त्यांची लेक अजरा गेल्या वर्षी मुदतीच्या तापानं गेली. सात वर्षांची होती. खतिजानं हरिश्चंद्र मास्तरांकडून नवऱ्याला पत्र लिहून घेतलं. उत्तर आलं नाही.

"बापाचा काळीज गो," शेजारची गोदा म्हणाली. "लिवायला हात उठला नसंल."

खतिजालाही तेच वाटत होतं. एक सांभाळता आलं नाही. दुसरं तरी त्याच्या हाती धड द्यायचं.

मागच्या साली एक शिकरा खुराड्यावर उतरला होता. तिनं त्याला दगडानं पाडलं, धोंड्यानं त्याचं डोकं ठेचलं आणि मढं बांबूला उलटं टांगलं. वास सुटला तरी काढलं नाही. बाकीचे शिकारी पक्षी भ्याले. हा ससाणा त्या बांबूवरच येऊन बसायचा.

बुधवारी गोदा धावत आली. "परवाच्या आगबोटीनं मुसाभाव येतायत. बंदरावर सांगावा आलाय."

खतिजा तशीच उठली. तिनं भावाच्या घरून मासे धरायचा पाग आणला.

गुरुवारी सकाळी तिनं एका लंगड्या नराच्या पायाला सुतळी बांधून त्याला अंगणातल्या पेंढ्यावर ठेवलं आणि पाग खांद्यावर घेऊन खुराड्याखाली दबून बसली. नर फडफडत होता. तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

ससाणा दगडासारखा कोसळला. नराची मान एका झटक्यात तुटली. खतिजानं पाग फेकला आणि त्याच्यावर स्वतःच पडली. जाळ्यातून एक नखी तिच्या तळहातात घुसली ती पार दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. चोचीनं मनगट फाडलं. गुडघ्यानं त्याची पाठ दाबून तिनं सुतळीनं पंख आवळून बांधले, मग दात ओठांवर रोवून नखी उपसली.

गोदा कोयता घेऊन धावली. "बाजू हो, मुंडीच छाटते मेल्याची!"

"नको," खतिजा धापा टाकत म्हणाली. "त्यांना येऊ दे. त्यांच्यासमोर मारीन."

तिनं ससाण्यावर मासळीची टोपली उपडी घातली आणि वर पाटा ठेवला.

शुक्रवारी दुपारी मुसा आला. अंगात विलायती कोट, डोक्यावर ट्रंक. ट्रंक ओसरीवर ठेवून तो सरळ खुराड्याची शिडी चढला. खतिजा खाली उभी राहिली. त्याच्या ओठांची हालचाल तिला दिसत होती.

"अठरा," तो वरून म्हणाला. "चार कमी. काय करत होतीस गो?"

तिनं फडक्यात गुंडाळलेला हात वर केला. फडकं रक्तानं काळं झालं होतं.

"हळद लाव. नायतर पिकंल," तो म्हणाला आणि परत आत वाकला. त्यानं एक पिल्लू तळहातावर घेतलं, गालाशी धरलं. त्याचे डोळे भरून आले.

ते डोळे बघून खतिजाला धीर आला. "अजरा कबरस्तानात आंब्याखाली हाय," ती म्हणाली. "चलता? बायकांना आत जाता येत नाय, मी येते फाटकापर्यंत."

"पत्र मिळाला मला," मुसा पिल्लाच्या मानेवरून बोट फिरवत म्हणाला. "अल्लाची मर्जी. जाऊ उद्या-परवा."

ती तिथंच उभी राहिली.

"असं त्वांड करू नको," तो हसून म्हणाला. "पोर काय, दुसरी व्हईल. ही जात आता बसऱ्यातसुद्धा मिळत नाय."

तो खाली उतरला. टोपलीला त्यानं पायानं ढोसलं. आतून फूत्कार आला. "हाच काय तो? राहू दे. जेवून बघतो त्याच्याकडे."

खतिजानं त्याला भात वाढला, बांगड्याचं कालवण वाढलं. तो पोटभर जेवला. बोटीवरच्या गोष्टी सांगता सांगता ओसरीवरच आडवा झाला आणि घोरू लागला.

तिनं ताट उचललं. खरकट्यावर पाणी ओतलं. मग अंगणात आली, पाटा बाजूला केला आणि गोणपाट टाकून ससाणा उचलला. तिच्या छातीशी त्याचं काळीज धडधडत होतं.

कुंपणापलीकडून गोदानं विचारलं, "मारतेस काय गो?"

"हां," खतिजा म्हणाली.

ती शिडी चढली. एका हातानं तिनं पंखांची दोरी कापली, खुराड्याची फळी सरकवली, ससाणा आत सोडला आणि बाहेरून कडी घातली.