घटाखालचं पत्र

शेवटच्या पायरीवर संध्याचा झाडू थांबला. समोर घरमालकाचं दार होतं. आत रेडिओ चालू होता, म्हणजे म्हातारा घरातच होता. संध्याच्या स्वेटरच्या खिशात घर सोडत असल्याचं पत्र होतं. आठवडाभर ते खिशातच होतं. तिने झाडलेली पायरी पुन्हा एकदा झाडली आणि तिसऱ्या मजल्यावर निघून गेली.

या आठवड्यात जिना झाडायची पाळी तिची होती. जर्मनीत श्टुटगार्टकडच्या घरांतून हा नेमच असतो. पाळीची पाटी ज्याच्या दाराला, झाडू त्याच्या हातात. संध्याने पाळी कधी चुकवली नाही. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, ही वडिलांची शिकवण. ते साताऱ्याला कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरून उभे राहायचे, आणि घरी आले की बुवांच्याच सुरात पोरींना सांगायचे, "गोड बातमी दारोदारी, कडू बातमी देव्हारी."

संध्याने ते जन्मभर पाळलं. नवऱ्याने वाल्डॉर्फ गावी नवी नोकरी धरली आणि नवा संसारही थाटला, तेव्हा ती कुणाच्या दारात रडायला गेली नाही. एका शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ कामाला लागली. पगारात भाडं भागत नसे; वरची मदत सरकारी कार्यालय, म्हणजे इथल्या बोलीत आम्ट, देत असे. तीन वर्षांपूर्वी आम्टने ती मदत नव्वद युरोंनी वाढवली. त्याच दिवशी संध्याने बेसन भाजलं, लाडू वळले आणि ताट घेऊन खाली घरमालक बॉयर्लेंकडे गेली. म्हाताऱ्याने उभ्याउभ्या दोन लाडू खाल्ले आणि बातमी नीट ऐकून घेतली. दोन महिन्यांनी भाडं वाढलं. नव्वद युरोंनी. महागाई कुणाला चुकलीय, असं म्हणून संध्याने देवाचे आभारच मानले. मदत कशी अगदी वेळेवर वाढली!

मग गेल्या घटस्थापनेला आम्टचं दुसरं पत्र आलं. मदतीची मर्यादा उतरली होती. नव्वद युरो कमी. ही कडू बातमी. तिने पत्राची घडी घातली, घटाखाली सरकवली आणि हात जोडले.

तेव्हापासून ते नव्वद युरो तिच्या पगारातून जात होते. आधी लेकीची, शमिकाची, शाळेची सहल गेली. मग पोहण्याचा वर्ग गेला. आता घराची पाळी आली होती. लांब एका खेड्यात दोन स्वस्त खोल्या मिळत होत्या. शमिकाची शाळा, तिच्या मैत्रिणी, संध्याचं काम, सगळं इथेच टाकून जायचं होतं.

आज संक्रांत होती. वर आली तर शमिका ओट्याशी उभी राहून तिळगूळ तोंडात टाकत होती. तेरा वर्षांची पोर. मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"दिलंस पत्र?"

"उद्या देते."

"लाडू तर त्याच दिवशी नेऊन दिले होतेस."

"लाडवांचं इथे काय काढलंस मध्येच?"

"आल्झो, हे बघ आई," शमिकाने बोटं चाटली, "पैसे वाढले ते तू त्यांना सांगितलंस. त्यांनी भाडं वाढवलं. कमी झाले ते सांगितलंच नाहीस. मग त्यांना कळणार कसं?"

"म्हणजे मी आता त्यांच्यापुढे पदर पसरू?"

"पदर कशाला? बातमी तर सांगायचीय. गोड हवीच असेल तर तिळगूळ ने बरोबर."

संध्याने डब्याचं झाकण काढलं. मग घट उठल्यापासून देव्हाऱ्यात ठेवलेलं ते आम्टचं पत्र तिने काढलं, वाटीभर तिळगूळ घेतला आणि जिना उतरली.

बॉयर्लेंनी दार उघडलं. घैसास हे संध्याचं आडनाव त्यांच्या जिभेला झेपत नसे; फ्राउ, म्हणजे बाई, हे ते तिच्या नावालाच जोडत. "या, फ्राउ संध्या," ते म्हणाले. तिळगूळ चावला, डोळे मिटून चव घेतली. मग चष्मा लावून पत्र वाचलं. संध्याने वाटेत जुळवलेल्या चार जर्मन वाक्यांतलं एकही तिला आठवेना.

"हो, पेपरात आलं तेव्हाच वाचलं होतं," बॉयर्ले पत्र परत देत म्हणाले. "आम्टची मदत घेणारे आणखी तीन भाडेकरू आहेत माझ्याकडे. तिघंही ऑक्टोबरातच येऊन गेले. त्यांचं भाडं मी उतरवलं. करणार काय? रिकामी खोली काही भाडं देत नाही."

संध्याने पत्राची पुन्हा घडी घातली.

"तुम्हीच आला नाहीत. मला वाटलं, फ्राउ संध्यांचं बरं चाललंय."

त्यांच्या आवाजात लाज नव्हती, कळवळाही नव्हता. त्यांनी टेबलाचा खण ओढला आणि टाइप केलेला एक कागद काढला. वर तिचं नाव होतं, मजला होता, नवं भाडं होतं. नव्वद युरो कमी. लाडवांच्या आधी होतं तेवढंच.

"पुढच्या महिन्यापासून," म्हणत त्यांनी खाली सही केली. "मागचं गेलं ते गेलं."

संध्याने कागद दोन्ही हातांत घेतला. शाई सहीचीच ओली होती. बाकीचा कागद खणात पडून कडांना वळला होता. कोपऱ्यात तारीख होती बावीस सप्टेंबरची. घटस्थापनेची.

देवाने त्याच दिवशी ऐकलं होतं. तीन जिने उतरायचं तेवढं तिच्याकडे ठेवलं होतं.