वेलबुट्टी

संजीवनीने स्वतः छापलेल्या वॉलपेपरने कलादालनाची अख्खी भिंत भरली होती. लांबून ती नुसती हिरवी वेलबुट्टी दिसायची. जवळ गेलं की कळायचं, प्रत्येक पान म्हणजे धरणात बुडालेलं एक घर आहे आणि देठांच्या जागी पोलिसांच्या लाठ्या आहेत. ती घरं तिच्या वडिलांनी, आप्पांनी, आठवून आठवून सांगितली होती. बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात त्यांना जमीन कधी मिळालीच नाही.

उद्घाटनाला पाटबंधारे मंत्री आले. त्यांचा अधिकारी पुढे होऊन बापलेकीला हळूच म्हणाला, "साहेब खूश आहेत. नव्या विश्रामगृहाच्या भिंती तुम्हालाच मिळतील."

चार हात लांब थांबून मंत्र्यांनी विचारलं, "हे नेमकं काय काढलंय?"

हेच सांगायला ती वर्षभर खपली होती. पण तोंडून निघालं, "वेल आहे, साहेब. आपली पारंपरिक वेलबुट्टी."

"वा!" मंत्री आप्पांकडे वळले. "काका, आवडली का लेकीची वेल?"

आप्पांचं बोट भिंतीवरच्या आपल्या ओसरीवर टेकलेलं होतं. त्यांनी संजीवनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. आप्पांनी बोट काढून घेतलं.

"हो साहेब," ते म्हणाले. "छान आहे वेल."

आणि जमिनीसाठी हयातभर मोर्चे काढताना कुणापुढे न वाकलेल्या आप्पांनी, लेकीचं काम हुकू नये म्हणून, मंत्र्यांना वाकून नमस्कार केला.