शनिवारची पट्टी

विक्रमनं दौंडहून छापून आणलेली पट्टी फ्लेक्सवर धरून पाहिली. अक्षर जुळत होतं. फ्लेक्सवर सुलक्षणाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, दुःखद निधन, रविवार. पट्टीवर शनिवार होता आणि तारीख एक दिवस आधीची.

"मामा, स्टूल धरा जरा."

भिमाजीनं स्टूल धरलं नाही. "त्यापरीस फ्लेक्सच काढून टाक की."

"आता कसा काढू? त्यांना फोनवर सांगून बसलोय, वडगावच्या फाट्याला मामींचा फ्लेक्स दिसंल, तिथनं आत वळा म्हणून. क्लबच्या साहेबांनी केडगाव सोडलंय. भेटायला येत्यात, पर तारीख बघून बी जातील."

सत्यजीत फाट्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसला होता. कपाळावरचं टेंगूळ अजून निळं होतं. त्या शनिवारी संध्याकाळच्या मॅचमध्ये पंचानं त्याला पिवळं कार्ड दाखवलं आणि यानं पंचाच्या नाकावर डोकं मारलं. तेव्हा त्याची आई सुलक्षणा घरी, खाटेवर, जिवंत होती.

"तू असं सांगितलंसच कशाला?" भिमाजीनं लेकाला विचारलं.

"चौकशीत इचारलं, काय झालं व्हतं तुला. आई तर गेलीच व्हती, आण्णा. तोंडातनं निघून गेलं, मॅचच्या आधीच आई गेल्याचं कळलं व्हतं म्हणून."

"बोलला ते बरंच केलं," विक्रम म्हणाला. सत्यजीतचा क्लबशी करार त्यानंच जुळवून आणला होता. "नुसती मारामारी असती, तर गैरवर्तन धरून करार मोडला असता. आन् सहीच्या वेळंला दिलेलं बारा लाख परत. आता म्हणत्यात, दुःखात व्हता पोरगा, चार मॅच बसवू. हायेत का तुमच्याकडं बारा लाख?"

नव्हते. ते पैसे आले तसे दवाखान्यात गेले होते. नंतर डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं.

"गावाला म्हाईत हाय, ती कवा गेली ते."

"गावाला कोण इचारतंय? पंचायतीत नोंद व्हायचीय अजून, ती बी शनिवारचीच करू. एका दिसानं मामीला आता काय फरक पडतोय?"

सत्यजीत उठला आणि विक्रमकडे हात केला.

"दे. मी लावतो."

"तू नको," भिमाजी म्हणाला. "तुझ्या हातानं नको."

त्यानं चपला काढल्या आणि स्टुलावर चढला. मागचा कागद सोलून पट्टी लावली. मध्ये हवा राहिली होती, ती अंगठ्यानं दाबत दाबत कडेला काढली. रविवार कुठून दिसत नाही ना, ते वाकून पाहिलं.

शेजारची तानुबाई डेअरीवरून रिकामी किटली घेऊन येत होती. ती थांबली. एकेक अक्षर जुळवत तिनं वाचलं.

"भिमाजी, छापणाऱ्यानं चूक केली बघ. शनिवार घातलाय."

"शनिवारीच गेली ती, मावशी."

"काय बोलतुयास? रविवारी सकाळी तूच की पळत आलास माझ्याकडं. लई दिसांनी तिनं काय तरी मागितलं म्हणून. धार काढून ताजं दूध दिलं मी. समदं प्याली म्हणून सांगाया परत आलास, तवा रडत व्हतास."

सत्यजीतनं वडिलांकडे पाहिलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रस्त्यावर एक पांढरी गाडी हळू झाली. विक्रमनं हात वर केला. गाडी फाट्यावर वळली आणि त्यांच्याजवळ येऊन थांबली. आतल्या साहेबांनी काच खाली केली.

भिमाजी स्टुलावरून उतरला.

"ते दूध मी प्यालो, मावशी," तो म्हणाला.