मागे लोटलेली हवा

भागूबाईंच्या मुठीतली मीठ-मोहरी घामाने ओली झाली, तरी लेकीचं विमान काही आलं नाही. नजर गेल्यापासून त्या कानांनीच आभाळ बघत. घर धावपट्टीच्या टोकाला. दुपारी मुक्ता विमान घेऊन घरघरत डोक्यावरून उतरली, की त्या अंगणातूनच तिची दृष्ट काढायच्या. आज मात्र दिवस मावळला आणि मुक्ताच दारात येऊन उभी राहिली.

"कुठं होतीस गं? जीव टांगणीला लागला माझा!"

"दुपारीच उतरले, आई. तुझ्या डोक्यावरूनच. नव्या विमानाला आवाज नाही."

"बिनआवाजाचं उडतं कसं मेलं?"

"पंखाखाली भला मोठा फिरता पंखा असतो. तो ढीगभर हवा मागे लोटतो, म्हणून विमान पुढे जातं. आता त्याच्या आत जाळ नाही, नि पात्यांची घरघरही नाही."

"गुणाची सूनच म्हणायची. राबते, पण हूं की चूं नाही." मग भागूबाईंनी विचारलं, "आणि ती लोटलेली हवा जाते कुठं?"

मुक्ता हसली. "ते कोण बघतंय!"

दुसऱ्या दुपारी भागूबाई पुन्हा अंगणात उभ्या राहिल्या. ऊन तापलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. कानांना काहीच लागलं नाही. मग एकाएकी दोरीवरचं लुगडं फडफडलं, डोक्यावरचा पदर उडाला, गालावरून वारा आला तसा निघून गेला.

भागूबाईंनी मूठ आभाळाकडे ओवाळली आणि अंगणातल्या चुलीत रिकामी केली. मोहरी तडतडली. सगळ्या अंगणात तेवढाच आवाज.